गोदामाच्या भिंतीवर कोणाचे चित्र असावे?



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी चार शब्द वाचावयास मिळतील, अशी आपली अपेक्षा असते व ती रास्तच आहे. खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी पुढील अंकात सविस्तर लिहूच. या वेळी मात्र विषय थोडा निराळा घेतला आहे. अलीकडे गट ऑफिसांतून आणि शेतकरी मेळाव्यांतून एक सूचना वारंवार कानावर येते. साखर गोदामाची रस्त्याकडची भिंत चांगली लांबरुंद व मोकळी आहे, तिच्यावर शेतकऱ्याचे भलेमोठे चित्र काढावे, अशी ती सूचना. कुणा तरुण सभासदाने मोबाईलवर परदेशातील धान्यकोठारांवरची चित्रे पाहिली, ती गावोगाव फिरली, आणि 'आपल्याकडे का नको?' असा सवाल सुरू झाला.

सूचना चांगली आहे. आम्ही काही चित्रकलेचे जाणकार नव्हे, आमचे काम लागणीच्या नोंदी आणि तोडणीचा कार्यक्रम यांचे. परंतु भिंत सभासदांच्या मालकीची आहे, तेव्हा तिच्यावर काय यावे याचा विचार सभासदांनीच करावयास हवा. तो विचार करताना उपयोगी पडेल असे जे आम्हांस ठाऊक आहे ते मांडतो, आणि आमचे मतही स्पष्ट सांगतो.

कोठारांवरची चित्रे

आपल्याकडे धान्य पोत्यांत भरून गोदामात थप्पी मारण्याची रीत आहे. ऑस्ट्रेलियात गहू मोकळाच साठवतात. त्यासाठी रेल्वेच्या कडेला काँक्रीटची उंच गोल कोठारे बांधलेली असतात, त्यांना सायलो म्हणतात. सपाट मुलूख, मैलोगणती गव्हाची राने आणि मधेच हे चार-सहा उंच खांबासारखे सायलो. गाव नजरेस पडण्याआधी ते दिसतात. आपला कारखाना जसा कुठूनही धुराड्यावरून ओळखू येतो, तसेच हे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरवर नॉर्दम नावाचे गाव आहे. तेथील कोठारे को-ऑपरेटिव्ह बल्क हँडलिंग, म्हणजे सीबीएच, या संस्थेची. ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९३३ साली, मंदीच्या काळात निघाली. पोत्यांचा खर्च वाचावा आणि गहू मोकळा साठवता यावा हा तिचा हेतू. आज सुमारे साडेतीन हजार गहूउत्पादक शेतकरी तिचे सभासद आहेत. म्हणजे आपल्याच जातकुळीची संस्था म्हणा ना. २०१५ साली या संस्थेने 'फॉर्म' नावाच्या एका कलासंस्थेस बरोबर घेऊन नॉर्दमची आठ कोठारे दोन चित्रकारांच्या हवाली केली. एक होता इंग्लंडचा 'फ्लेम' आणि दुसरा अमेरिकेचा 'हेन्स'. दोघांनी चार-चार कोठारे रंगविली. उंची सुमारे ३८ मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी! ऑस्ट्रेलियात सायलोवर एवढे मोठे काम होण्याची ती पहिलीच वेळ. पहिले पाऊल सहकारी संस्थेने टाकले, हे आपण लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु नॉर्दमच्या चित्रांत शेतकरी नव्हता. एकाने काळ्या-पांढऱ्या रंगात अजब यंत्रे काढली, दुसऱ्याने भडक रंगांचे आकार. शेतकऱ्याचा चेहरा कोठारावर आला तो पुढच्या वर्षी. व्हिक्टोरिया राज्यात ब्रिम नावाचे अगदी लहान खेडे आहे. तेथील १९३९ साली बांधलेली व वापरातून गेलेली चार कोठारे गुइदो व्हान हेल्टन या चित्रकाराने जानेवारी २०१६ मध्ये रंगवून पुरी केली. चार कोठारांवर चार माणसे, वेगवेगळ्या पिढ्यांची, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही. अंगात कामाचेच कपडे, उभे राहण्याची ढब शेतावरच्या माणसाची. गावातल्याच लोकांवरून ती चित्रे काढली, पण खाली नाव कोणाचेही लिहिले नाही. पुढारी नाही, देणगीदार नाही, कंपनीचा साहेबही नाही.

लोक ते पाहावयास लांबून येऊ लागले. तेव्हा आसपासच्या गावांनीही आपापली कोठारे पुढे केली आणि २०१७ अखेर सहा गावांची मिळून सुमारे २०० किलोमीटरची चित्रवाट तयार झाली. त्यांतील शीप हिल्स या ठिकाणी अ‍ॅडनेट नावाच्या चित्रकाराने २०१६ साली तेथील मूळनिवासी समाजाची चार माणसे काढली, दोन वडीलधारी आणि दोन मुले. त्या मुलखात गव्हाची शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून त्या समाजाची वस्ती होती. गहू पिकविणाऱ्यांच्या कोठारावर, ज्यांच्या जमिनीवर गहू पिकला त्यांचे चेहरे आले. हे उदाहरण आपल्या जिल्ह्यासाठी जास्त बोलके आहे. त्याकडे पुढे वळूच.

चित्राने काय होते आणि काय होत नाही

'चित्र काढले की गाव सुधारते' असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. ब्रिमसारख्या गावांची अडचण वेगळी आहे. तिकडे जमिनीचे धारण वाढत गेले, यंत्रे मोठी झाली आणि हातांना काम कमी पडले. तरुण शहराकडे गेले, शाळा-दुकाने ओस पडू लागली. भिंतीवर शेतकरी तीस मीटर उंच झाला म्हणून खरे शेतकरी वाढले नाहीत. चित्र पाहावयास येणाऱ्यांमुळे चहापाण्याच्या दुकानाला गिऱ्हाईक लागले आणि गावाचे नाव नकाशावर आले, एवढा लाभ निश्चित झाला. आणि दुसरी एक गोष्ट झाली. तिचे मोल पैशात मांडता येत नाही. ज्याला कुणी विचारत नव्हते त्या माणसाला आपण कोणीतरी आहोत असे वाटले.

आपल्या देशातही हे होऊ शकते. चंद्रपूर व बल्लारशाह या आपल्या राज्यातील रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर ताडोबाचे वन्यजीवन आणि आदिवासी कला रंगविली गेली, आणि २०१८ साली रेल्वेच्या सुशोभित स्थानकांच्या स्पर्धेत त्यांना पहिला क्रमांक मिळाला. गाडीची वाट पाहत बसलेला माणूस भिंतीकडे पाहू लागला. त्याआधी तीच भिंत पान खाऊन थुंकण्यासाठी होती.

आता येत्या काळात खेडोपाडी गोदामेही वाढणार आहेत. सहकार क्षेत्रात धान्य साठवणुकीची मोठी योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ मे २०२३ रोजी मंजूर केली, आणि २४ फेब्रुवारी २०२४ रोजी ११ राज्यांतील ११ प्राथमिक सोसायट्यांच्या गोदामांचे उद्घाटन झाले. म्हणजे साखर कारखाना नसलेल्या गावातही उद्या सोसायटीच्या गोदामाची मोठी भिंत उभी राहणार. ती भिंत रिकामी राहत नाही हा आपला अनुभव आहे. खताची जाहिरात येते, सिमेंटची येते, नाही तर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स तर हमखास येतो. आपण काही ठरविले नाही तर भिंतीवर काय यावे ते दुसरा कुणी ठरवितो.

कणगी आणि कोठार

धान्याच्या साठ्याला मान देण्याची रीत ऑस्ट्रेलियाकडून शिकण्याचे आपल्याला कारण नाही. सातपुड्यातील पाड्यांवर बांबूची विणलेली कणगी असते. तिला शेणामातीचा हात घरची बाईच देते. घरात येणाऱ्याची नजर आधी कणगीवर जाते. कणगी भरलेली तर घर भरलेले. याहामोगी ही दुष्काळात धान्य वाटणारी माता अशी श्रद्धा आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास देवमोगऱ्याच्या यात्रेस आपल्या अक्कलकुवा, तळोदा, अक्राणी, नवापूर भागांतून हजारो माणसे नवे धान्य टोपल्यांत घेऊन जातात. धान्य, कोठार आणि देवता यांचा असा संबंध जेथे रोजच्या जगण्यात आहे, तेथे गोदामाच्या भिंतीला नुसती भिंत समजणे हेच मुळात चुकीचे.

भिंतीवर चित्र काढण्याचीही आपल्या मुलखाला परंपरा आहे. डहाणूकडील वारली समाजात लग्नाचा चौक गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, आणि हे काम पिढ्यानपिढ्या बायकांचे होते. गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतरच्या काळात ती कला कागदावर आणली व जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांच्या चित्रांत शेत, पेरणी, मासेमारीचे जाळे, नाचणारी माणसे, सगळे होते. राजा मात्र क्वचितच कुठे दिसेल!

पलीकडे झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावच्या भूरीबाई यांची हकीकत सर्वांनी ऐकण्यासारखी आहे. त्या भिल्ल समाजातील. भोपाळला भारत भवनाचे बांधकाम चालू असताना त्या तेथे मजुरीला होत्या. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना घरच्या भिंतीवर काढतात तसे चित्र कागदावर काढावयास सांगितले. भारत भवन १९८२ साली सुरू झाले. ज्या इमारतीसाठी त्यांनी डोक्यावरून माल वाहिला, त्याच इमारतीत त्यांच्या चित्रांना मान मिळाला आणि २०२१ साली पद्मश्री किताबही. पाटी वाहणाऱ्या हातात काय कसब आहे ते कुणी विचारल्याशिवाय कळत नाही, एवढे या हकीकतीवरून ध्यानात घ्यावे.

मग आपल्या भिंतीवर कोण?

आता मुद्द्यावर येतो. आमच्या कानावर आलेल्या सूचनांत तीन प्रकार आहेत. काही म्हणतात, संस्थापकांचे व आजी-माजी पदाधिकाऱ्यांचे चित्र असावे. काही म्हणतात, डोक्याला फेटा बांधलेला हसरा शेतकरी, खांद्यावर उसाची मोळी, मागे उगवता सूर्य. आणि काहींच्या मते नुसती यंत्रे, धुराडे आणि इथेनॉलची टाकी असली म्हणजे प्रगती दिसते.

ज्यांनी संस्था उभी केली त्यांचे ऋण आम्ही मानतो. खेडोपाडी फिरून, एकेक शेअर गोळा करून कारखाना उभा करणे हे केवढे काम होते ते जुन्या सभासदांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्यासाठी पुतळा असतो, सभागृहात तसबीर असते, पुण्यतिथीला हार असतो. रस्त्याकडची भिंत ही वेगळी जागा आहे. तिच्यासमोरून उसाच्या गाड्या येतात, टोळ्या जातात, शाळेची मुले जातात. त्या भिंतीवर त्यांना स्वतःची माणसे दिसावीत असे आम्हांस वाटते.

हसऱ्या फेटेवाल्याविषयी आमची तक्रार इतकीच की तो कुणीच नाही. कॅलेंडरवर असतो, खताच्या पोत्यावर असतो, बियाण्याच्या पिशवीवरही तोच. त्याला हुमणी लागत नाही, त्याची मोटार जळत नाही, त्याला तोडीची वाट पाहावी लागत नाही. ब्रिमची माणसे पाहणाऱ्याच्या मनात उतरली, कारण ती हसत नव्हती, कामाला निघालेली वाटत होती.

आमचे मत असे की, उसाच्या कांडीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत ज्यांचे हात लागतात ती सगळी माणसे त्या भिंतीवर यावीत. रात्रीच्या लाईटवर बारे देणारा सभासद. त्याची पत्नी, जिचे नाव पुष्कळदा सातबाऱ्यावर नसते, पण बेणे सोलण्यापासून खुरपणीपर्यंत जिचा हात असतो. बैलगाडीवाला आणि ट्रॅक्टरवाला. गव्हाणीवरचा आणि बॉयलरवरचा कामगार. आणि या सर्वांच्या बरोबरीने, त्याच उंचीची, ऊस तोडणारी टोळी.

या शेवटच्या वाक्यावर काही सभासद थबकतील, याची आम्हांस कल्पना आहे. 'कारखाना सभासदांचा, भिंत सभासदांची, शेअर्स आमचे. मग मजूर कशाला?' असे म्हणणारे आहेत. त्यांस आम्ही धंद्याच्या हिशेबानेच उत्तर देतो.

उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर सर्वांत जास्त, शेंड्याकडे कमी. म्हणून तोड जमिनीसरशी व्हावी असे आम्ही दर हंगामात सांगतो. दोन-तीन इंच बुडखा रानात राहिला तर सगळ्यात गोड भाग रानात राहिला. वजन गेले, उतारा गेला आणि खोडव्याचे फुटवेही जमिनीच्या वरून फुटून कमजोर झाले. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की रोज वजन आणि साखर दोन्ही उतरतात. म्हणजे वर्षभर खत-पाणी घालून सभासदाने जे कमावले, ते शेवटच्या दिवशी कोयता धरणाऱ्याच्या हातात असते. को ८६०३२ लावा नाही तर दुसरे कुठलेही वाण, वाकून जमिनीसरसा घाव घालणारा माणूस नसेल तर उतारा कागदावरच राहील. ही दया-धर्माची गोष्ट नव्हे, हा काट्यावरचा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. त्यांच्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर घराला कडी लावून कोयता घेऊन निघतात. कुणी आपल्याच जिल्ह्यातील फडांत, कुणी तापीकाठाने खाली सुरतेकडील कारखान्यांना. याच शहादे-तळोदे भागात १९७० नंतरच्या वर्षांत भूमिहीन मजुरांनी आपली जमीन आणि मजुरी यांचा प्रश्न मांडला, अंबरसिंग महाराजांनी तो गावोगाव नेला. त्या काळचे मतभेद अजून काही जणांच्या आठवणीत असतील. पण तो इतिहास या मातीचाच आहे. नंदुरबार जिल्ह्यातील शेतीचे चित्र काढायचे आणि त्यात हा समाज नसावा, तर ते चित्र दुसऱ्याच कुठल्यातरी जिल्ह्याचे होईल.

आणि टोळीतील बाई वेगळी दिसली पाहिजे, असा आमचा खास आग्रह आहे. आपल्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, ती पाला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, कधी स्वतः कोयताही चालविते. भाकरीसाठी तिचा दिवस त्याच्याही आधी सुरू होतो. नोंदवहीत मात्र जोडप्याला मिळून एकच ओळ. वहीत जी दिसत नाही ती भिंतीवर तरी दिसू द्या.

आधी पाणी, मग रंग

येथे एक अट घालावीशी वाटते, आणि आमच्या मते ती या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

समजा भिंतीवर मोळी घेतलेल्या बाईचे वीस फुटी चित्र झाले. सुंदर झाले. वर्तमानपत्रात फोटो आला. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे टोळ्यांच्या तळावर प्यायच्या पाण्याचा नळ नाही, आडोसा नाही, रात्री दिवा नाही, लहान मुले उघड्यावर, शाळा सुटलेली. तर ते चित्र आपली शोभा करणार नाही, आपल्याविरुद्ध साक्ष देईल. येणारा पाहुणा आधी भिंत पाहील, मग तळ पाहील. त्याला दोन्हींतला फरक कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून क्रम असा असावा. तळावर पाणी, संडास, दिवाबत्ती, मुलांच्या शाळेची सोय आणि बाळंतीण किंवा आजारी मजुरासाठी दवाखान्यात नेण्याची व्यवस्था ही पहिली. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. त्यांची माहिती टोळीपर्यंत पोहोचविणे, नोंदणीस मदत करणे हेही काम गट ऑफिसांनी अंगावर घ्यावे. हे झाले म्हणजे खुशाल ब्रश हातात घ्यावा. मग त्या चित्राखाली एक अक्षरही लिहिण्याची गरज पडणार नाही.

कोणी काढावे, कोठे काढावे

काही व्यवहाराच्या गोष्टी.

चित्र काढणारे शक्यतो आपल्या जिल्ह्यातील असावेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांतील हाताला वळण असलेल्या मुली-मुले आहेत, शाळांतून चित्रकला शिक्षक आहेत. मोठ्या भिंतीचा अनुभव असलेला एखादा चित्रकार बाहेरून बोलवावा, पण आराखडा आणि हात इथले असावेत. 'नाव होईल' म्हणून कुणाकडूनही फुकट काम करून घेऊ नये. गवंड्याला आपण मजुरी देतो, मग चित्र काढणाऱ्याला का नको? ज्याचा चेहरा घ्यायचा त्याला आधी विचारावे, सभासद असो की मजूर.

देवाधर्माची चित्रे गोदामावर आणू नयेत. पिठोरासारखी चित्रे नवसाची असतात, ती काढण्याचे विधी असतात आणि ती घरातील ठरलेल्या भिंतीवर काढतात. त्यांची नक्कल शोभेसाठी करणे म्हणजे दुसऱ्याच्या देवघरातील मूर्ती उचलून चौकात ठेवणे. कामाची, पिकाची, जनावरांची, झाडांची चित्रे पुष्कळ आहेत.

जागेविषयीही सांगितले पाहिजे. कुणी म्हणाले, मळीची टाकी गोल आहे, अगदी त्या सायलोसारखी, तिच्यावरच काढू. ते करू नये. मळी तापली की फसफसते आणि खराब होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टाक्या गार ठेवण्यासाठी पाणी मारावे लागते. अशा टाकीवर काळे-तांबडे गडद रंग लावले तर ती ऊन आणखी शोषून घेणार. इथेनॉलच्या टाक्यांना तर सुरक्षेचे कडक नियम आहेत, त्यांच्याजवळ झोपाळे बांधून रंगकाम नको. गोदामाची भिंतच योग्य. तीही दक्षिण-पश्चिमेची नसावी, कारण पावसाची झड आणि दुपारचे ऊन तिच्यावर जास्त. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत निवडली तर रंग जास्त वर्षे टिकेल. भिंतीला ओल असेल तर आधी ती काढावी. आत साखर आहे, हे विसरून चालणार नाही. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही आणि ओल्या गोदामात साखरही टिकत नाही.

खर्चाचे म्हणाल तर उसाच्या बिलातून एक पैसाही कापून हे काम करू नये. सभासदाला आधी त्याचा एफआरपी वेळेवर हवा, चित्र नंतर. दरवर्षी फ्लेक्स, कमानी, जाहिराती आणि शुभेच्छांवर जो खर्च होतो त्यातून एक भिंत सहज रंगेल असा आमचा अंदाज आहे. आणि पहिल्या वर्षी एकच भिंत करावी. लोकांना भावली तर पुढच्या वर्षी दुसरी.

निर्णय मात्र वार्षिक सर्वसाधारण सभेत व्हावा. आराखडा आधी गट ऑफिसांत आठ-पंधरा दिवस लावून ठेवावा. सभासदांनी तो पाहावा, नावे ठेवावीत, बदल सुचवावेत. टोळ्यांचे मुकादम आणि टोळीतील बायका यांनाही दाखवावा. त्यांना सभेत मत नाही हे आम्ही जाणतो, पण ज्याचे चित्र त्याला ते पटले की नाही हे विचारण्यासाठी शेअर असण्याची गरज नाही.

या प्रश्नावर सर्वांचे एकमत होईल असे नाही, व्हावे असेही नाही. काही जुन्या सभासदांना हा सगळा पोरखेळ वाटेल. 'रंगापेक्षा काटा नीट ठेवा' असे ते म्हणतील, आणि तेही खोटे नाही. काटा नीट, बिल वेळेवर, तळावर पाणी आणि मग भिंतीवर चित्र, हीच ओळ आमच्याही मनात आहे. परंतु चित्र अगदीच शेवटी ढकलून विसरून जावे असे आम्हांस वाटत नाही. हंगाम सुरू झाला की पहाटेच्या थंडीत गाड्यांची रांग लागते. गाडीवर ऊस असतो, उसावर पोरे पेंगत असतात. डोळे उघडून त्यांनी समोर पाहिले तर भिंतीवर त्यांची आई दिसावी, एवढे करणे आपल्या हातात आहे.

सभासदांनी याविषयी आपली मते आपापल्या गट ऑफिसात लेखी द्यावीत किंवा शेतकी खात्याकडे पाठवावीत. विरोधी मते विशेष अगत्याने पाठवावीत. निवडक मतांना पुढील अंकात जागा देण्याची विनंती आम्ही संपादक मंडळास करू. 

— ऊस विकास अधिकारी